सागवानी तोफ

आमच्या अंगणात विमानं पाडायची तोफ तयार झाली होती, असं मी सांगितलं की माझी नातसून "हो का आजी?" म्हणते आणि हळूच माझ्या गोळ्यांचा डबा उघडून पाहते. तिला वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलं नाही गं बाई, अजून सुईत दोरा मीच ओवते. तोफ होती, माझ्या बापानं केली होती, तिला काळा रंग मी या हातांनी फासला होता, आणि ती फोडलीही मीच. इतकी वर्षं हे पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात माझ्या बापाचा शब्द गुंतलेला होता. आता ते नाहीत, तोफेचं तर केव्हाच सरपण झालं असेल, आणि या वयात मला कुणाची भीडभाड उरलेली नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आम्ही अकोल्याचे सुतार. मोर्णेच्या काठाला पेठ संपते तिथं आमचं घर होतं आणि घरापुढं कवेलूचं लांबच लांब छप्पर. त्या छपराखाली बंड्या, म्हणजे बैलगाड्या, व्हायच्या. किसन मिस्तरीची बंडी म्हटलं की बाळापूरपासून अंजनगाव सुर्जीपर्यंतचे शेतकरी मान डोलवायचे. बाभळीचे आरे, सागाच्या पाट्या, आणि कुठं केसभर फट दिसली तर बाबा ते चाक पुन्हा उकलायचे, मग गिऱ्हाईक उन्हात ताटकळत बसलेलं का असेना. सकाळी जाग यायची ती दोन आवाजांनी. आत माय ज्वारीच्या भाकरी थापायची, तो थपथप आवाज, आणि बाहेर बाबांचा लाकूड तासायचा वाकस चालायचा, तो ठकठक. दोघांचा ताल कधी जुळायचा नाही आणि दोघांपैकी कुणी त्यासाठी थांबायचंही नाही. दुसऱ्या घरी पाहुणी म्हणून गेले की मला मेली झोपच यायची नाही, कारण सकाळी कुणी काही ठोकतच नसे.

चाकावर लोखंडी धाव चढवायची असली की पलीकडच्या गल्लीतले गफूरचाचा यायचे. ते लोहार. अंगणात गवऱ्यांचा गोल रचायचा, त्यात धाव लाल होऊ द्यायची, मग चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. चर्रर्र आवाज व्हायचा, वाफेनं अंगण भरून जायचं, आणि धाव आवळली की चाक कडकड बोलायचं. माय त्या दिवशी चूल पेटवतच नसे. त्याच गवऱ्यांच्या विस्तवात ती रोडगे पुरायची, आणि दुपारी सगळे मांडी घालून तुपात भिजवलेले रोडगे, वरण आणि वांग्याची रस्सा भाजी खायचो. गफूरचाचा पहिला घास घेऊन दर वेळी तेच म्हणायचे, "भाभी, धाव का बहाना है, मैं तो इसी के वास्ते आता हूँ." माय पदर सावरत म्हणायची, "मग खाना बाप्पा पोटभर, लाजता काहून?" मी तेव्हा सतरा वर्षांची, लग्न ठरायचं बाकी होतं, आणि धाकटी कुसुम सहा वर्षांची. आमच्या दोघींच्या मधली दोन भावंडं राहिली नव्हती, म्हणून कुसुमवर सगळ्यांचा जीव जरा जास्तच.

लढाई दूर होती तोवर आम्हाला ती रॉकेलच्या रांगेपुरतीच माहीत होती. मग एक दिवस दवंडी पिटली गेली की जपानी विमानं येऊ शकतात. जिनिंग फॅक्टरीचा भोंगा तुटक तुटक वाजला की सगळ्यांनी खंदकात उतरायचं, आणि एकच लांब भोंगा झाला की बाहेर यायचं. हवाई हल्ल्यापासून बचाव करायच्या खात्याचे एक साहेब आले, पांढरा फेटा आणि खाकी अर्धी विजार घातलेले. त्यांनी पेठेत जागोजाग वाकडेतिकडे खंदक खणून घेतले. आमच्या लोकांना खड्डा म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक, पेव. ज्वारी ठेवायची ती जमिनीत. मग काय, महिन्याभरात निम्म्या खंदकांत गवऱ्या रचल्या गेल्या, काहींत कांदे गेले, आणि आमच्या समोरच्या खंदकात तर एका म्हातारीनं अंडी उबवायला कोंबडी बसवली. साहेब चिडून म्हणाले, "अहो आजी, बाँब पडला तर कुठे जाल?" म्हातारी म्हणाली, "कोंबडी उठली की जाईन."

याच साहेबांनी एका दुपारी बाबांना छपरामागं नेलं. मी तिथंच भुसा भरत होते, पण भुसा भरणाऱ्या पोरीला कान असतात हे मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही. साहेब हलक्या आवाजात सांगत होते की खऱ्या विमानविरोधी तोफा सगळ्या कलकत्त्याकडे गेल्या आहेत, इकडे यायला अजून अवकाश आहे, आणि लोक घाबरून गाव सोडायला लागलेत. "तुम्ही एक तोफ करून द्या मिस्त्री. लाकडाची. हुबेहूब. वरून पाहणाऱ्याला दहशत बसेल आणि खालून पाहणाऱ्याला धीर येईल." बाबांनी विचारलं, "अन् लोकायनं विचारलं तं?" साहेब म्हणाले, "खरी आहे म्हणायचं. हे गुपित सरकारी आहे. बाहेर फुटलं तर तुरुंग, तुम्हालाही आणि मलाही." बाबांनी खांबाला टेकवलेल्या वाकसावर हात ठेवला आणि म्हणाले, "देला शब्द." सुतारानं हत्यारावर हात ठेवला की विषय संपला. कागदावर सही झाली ती नंतर, ती नुसती रीत.

छपराला चारी बाजूंनी तट्टे बांधले आणि काम सुरू झालं. मायला, मला आणि गफूरचाचांना सांगावंच लागलं, कारण घरच्या बायकांपासून एवढं मोठं लाकूड लपवणार तरी कुठं? मेळघाटातला सरळसोट साग आणला होता. बाबांनी तो तासून गोल केला, रंधला, आणि तोंडाशी फक्त हातभर पोखरला, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला आत अंधार दिसावा. गफूरचाचांनी तोंडाला लोखंडी कडं बसवलं आणि चार भक्कम चाकांना धावा चढवल्या. मी काजळी आणि जवसाचं तेल खलून तीन हात रंग दिला. वाळल्यावर मी मागं सरून पाहिलं आणि मला स्वतःलाच त्या तोफेची भीती वाटली. बाबांनी तिच्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "भल्ली जमली." आयुष्यात त्यांनी आपल्या कामाला चांगलं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ताडपत्रीखाली झाकून ती नदीकाठच्या टेकाडावर नेली, भोवती दोर बांधला, खाकीतला एक शिपाई उभा केला आणि ताडपत्री ओढली. काय सांगू तुम्हाला! अख्खं अकोलं लोटलं. बायकांनी दोराबाहेरून हळदकुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला, कुणी झेंडूची माळ शिपायाच्या हातात देऊन तोफेच्या गळ्यात घालायला लावली. ज्यांनी सामान बांधलं होतं त्यांनी ते सोडलं. बाजारात भाव करतानासुद्धा बायका म्हणायच्या, "आता काय भ्याचं, तोफ हाय ना!" साहेबांच्या मनासारखं झालं. बाबा मात्र तिकडच्या वाटेनं जाणं टाळायला लागले.

मग तालमीचा दिवस आला. आदल्या दिवशी दवंडी झाली होती. सकाळी अकराच्या सुमारास भोंगा तुटक तुटक वाजायला लागला, आणि जे झालं ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. सगळी पेठ घराबाहेर पडली आणि खंदक ओलांडून टेकाडाकडे पळाली. तोफ उडताना पाहायची होती ना! बाप्ये पोरांना खांद्यावर घेऊन धावत होते, बायका कडेवर तान्ही लेकरं घेऊन, एक जण तर खुर्ची घेऊन निघाला होता. साहेब शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले. शिपाई हाकलत होते तर लोक म्हणत होते, "अबे, तोफेजवय थांबू दे ना, तथीच तं बॉम्ब पडनार नाई!" उघड्या माळावर, आभाळाखाली, सगळं गाव एका ठिकाणी गोळा होऊन उभं. विमान आलंच असतं तर त्याला एकच बाँब पुरला असता.

खंदकात फक्त एक बाई उतरली होती. ती आमच्या शेजारच्या शिंप्याची वहिनी. रंगूनहून परत आलेली म्हणून तिला सगळे रंगूनवाली म्हणत, मी सुंदरकाकू म्हणायची. भोंगा वाजताच ती गवऱ्या ढकलून आत शिरली आणि डोक्यावर हात घेऊन बसली. परत येताना लोक तिला हसले. मी पण हसले. खोटं कशाला सांगू, चांगली खदखदून हसले. संध्याकाळी मी तिच्याकडे ताक घेऊन गेले तेव्हा तिनं मला बसवून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. ती म्हणाली, "वच्छे, आमीबी पाह्यलेच गेलतो वं. पह्यल्या दिवशी रंगूनचे लोक रस्त्यावर उभे राहून वर पाहत होते. कोनाले खरंच वाटलं नाई. आमचे हे मोठ्याले घेऊन गच्चीवर गेले. म्हने चल, इमान दाखवतो. मी पोळ्या लाटत होती. मले म्हनाले तूबी ये. मी म्हनलं येवढी पोळी झाली की येते." तिच्या नवऱ्याला आणि मोठ्या मुलाला उघड्यावर बाँब लागला होता एवढं मला ठाऊक होतं, पण ते मी आजवर बातमीसारखं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी ताकाचं भांडं रिकामं करून न घेताच मी घरी आले आणि मोरीत जाऊन रडले. आपण हसलो याची मला इतकी लाज वाटली की आज लिहितानाही कानशिलं तापतात.

रात्रीची जेवणं झाल्याबरोबर मी बाबांना गाठलं. "बाबा, सांगून टाका ना लोकायले. तोफ लाकडाची हाय म्हना." बाबा सुपारी कातरत होते. म्हणाले, "शब्द देला हाय." मी म्हटलं, "अन् बॉम्ब पडला तं? लोक तुमच्या तोफेपाशी मरतीन. आपली कुसुमबी तथीच धावली आज." त्यांचा अडकित्ता थांबला. मला वाटलं, आता ऐकतील. पण ते म्हणाले, "मी साहेबाले सांगतलं आजच. हात जोडून सांगतलं, साहेब, सांगून टाका. थो म्हने, लोक हसतीन मले, नोकरी जाईन. तुरुंगाचं भेव नाई मले वच्छे. पन मी आजवर शब्द मोडला नाई. एका चाकाचा मोडला नाई." माय मध्ये पडली, "पोरी, बापाले कोंडीत पकडू नोको." मी चिडून म्हटलं, "मग पेठेतल्या साऱ्याइले मरू द्या, तुमचा शब्द जगू द्या!" असं बापाला बोलायची तेव्हा रीत नव्हती. मायनं माझ्या तोंडावर हात दाबला. बाबांनी अडकित्ता मिटला आणि अंथरुणाकडे गेले. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणते, पण त्यांना किती जड जात होतं हे मला तेव्हा कळलं नाही, तेही खरं.

त्यानंतर आठ दिवस झाले असतील. दुपार टळायची होती. माय कुरड्या उलथत होती, बाबा आणि गफूरचाचा एका दमणीचा, म्हणजे माणसं बसायच्या हलक्या बैलगाडीचा, साटा बसवत होते, आणि मी पायाखाली फळी धरून होते. अचानक भोंगा वाजला. तुटक तुटक. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण दवंडी झाली नव्हती. गफूरचाचा म्हणाले, "ये तालीम नहीं है मिस्तरी." आणि तेवढ्यात लांबवर घरघर ऐकू आली. जिनाची नव्हे, आगगाडीची नव्हे, वरून येणारी. बाहेर पेठेत एकच गलका झाला, "तोफ उडनार! चला!" आणि पुन्हा सगळे टेकाडाकडे. मायनं हाक मारली, "कुसुम कोठी हाय?" कुसुम नव्हती. ती सगळ्यांच्या पुढं पळाली होती.

मी फळी सोडली. बाबांचा वाकस जमिनीवर पडला होता तो उचलला आणि धावत सुटले. ठरवून काही केलं नाही, उगीच मोठेपणा कशाला घेऊ? हातात वाकस आहे हे मला टेकाड चढताना कळलं. मागून बाबांची हाक येत होती, "वच्छे! नोको! वच्छे!" शेसव्वाशे माणसं आधीच दोराला रेलून उभी होती आणि आणखी येतच होती. खंदकाशी सुंदरकाकू एकटी हात हलवून ओरडत होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. शिपाई स्वतःच वर तोंड करून विमान शोधत होता. मी दोराखालून शिरले, चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन वर चढले आणि दोन्ही हातांनी वाकस हाणला. पहिला घाव निसटला. दुसऱ्यानं रंग उडाला. तिसऱ्याला वीतभर ढलपी निघाली आणि काळ्या रंगाखालून सागाचं पिवळंधमक लाकूड उघडं पडलं. मी घसा फाडून ओरडले, "पाहा! लाकूड हाय! सागाचं लाकूड हाय हे! माह्या बापानं केली, म्या रंग देला! हे काई उडत नाई! पया, खंदकात पया!"

सगळे त्या ढलपीकडे पाहत होते. दोराशी बाबा उभे होते, छाती वरखाली होत होती, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून मी वाकस खाली केला. पहिल्यांदा गफूरचाचा बोलले. ते दोन्ही हात वर करून गरजले, "लड़की सच बोल रही है! मैंने चढ़ाए हैं ये पहिये! भागो!" आणि मग गर्दी फुटली. लोक असे पळाले की बस. मी खाली उडी मारून कुसुमला बखोटीला धरलं आणि पहिल्या दिसेल त्या खंदकात घुसले. आतून कांद्याची पोती बाहेर भिरकावली जात होती, म्हातारीची कोंबडी ओरडत उडाली, एक जण माझ्या पाठीवर, मी कुसुमवर, खाली ओली माती. घरघर डोक्यावर आली. कुसुम माझ्या पोटाशी म्हणत होती, "ताई, दाबू नोको ना." शेजारी सुंदरकाकू होती. तिनं आपला हात माझ्या डोक्यावर दाबून धरला होता आणि विमान जाईपर्यंत काढला नाही.

काही पडलं नाही. विमान बाळापूरच्या बाजूला निघून गेलं. दोन दिवसांनी कळलं की ते आपल्याच बाजूचं होतं, वाट चुकलेलं. म्हणजे मी कुणाचा जीव वाचवला असं म्हणायला जागा नाही, आणि माझ्या जावयानं एकदा हे मला मोठ्या हुशारीनं सुनावलंही. मी त्याला एवढंच विचारलं, "खाली उभं राहून ते आपलं की परक्याचं, हे तुम्ही ओळखलं असतं का?"

पण पेठेला राग आला तो माझा नाही, बाबांचा. नारळ फोडणारे, माळा वाहणारे, सगळे खजील झाले होते आणि खजील माणूस कुणावर तरी उखडतोच. "किसन मिस्तरीनं साऱ्या गावाले मामा बनवलं," असं चौकात बोललं जाऊ लागलं. दुरुस्तीला आलेल्या दोन बंड्या मालकांनी तशाच ओढून नेल्या. बाबा सकाळी छपराखाली येऊन बसायचे, हत्यारांना धार लावायचे आणि काही न करता उठायचे. आणि माझ्याशी ते बोलायचे बंद झाले. रागावले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं होतं. मी समोर असले तरी मायला म्हणायचे, "तिले सांग, पानी ठेव." अकरा दिवस असे गेले. केलं ते बरोबर केलं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही, पण बरोबर असून घरात परकं होणं काय असतं, ते मी त्या अकरा दिवसांत शिकले.

दरम्यान आणखी एक तालीम झाली. भोंगा वाजला आणि टेकाडाकडे चिटपाखरू गेलं नाही. गवऱ्या, कांदे, कोंबड्या, सगळं आधीच बाहेर निघालेलं. भोंगा संपायच्या आत पेठ खंदकात. साहेब हातातलं घड्याळ पाहत रिकाम्या रस्त्यानं एकटे फिरत होते. आमच्या खंदकात बाबा माझ्यापासून दोन हातांवर बसले होते आणि समोरच्या मातीकडे पाहत होते.

बाराव्या दिवशी साहेब आमच्या घराकडे येताना दिसले. बरोबर एक हवालदार. गल्लीतल्या लोकांनी कामं टाकली आणि ओट्यांवर येऊन उभे राहिले. माय आत गेली, फडक्यात तीन भाकरी आणि ठेचा बांधला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो घेतला, टोपी घातली आणि छपराखाली उभे राहिले. मी पुढं झाले. म्हटलं, "साहेब, मी फोडली. मले न्या." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाले, "छे छे, तसं काही नाही. मिस्त्री, जरा बसून बोलू."

बसले. अमरावतीहून वरिष्ठांचं पत्र आलं होतं. पेठ किती झटपट रिकामी झाली ते साहेबांनी मोठ्या अभिमानानं वर कळवलं होतं, आणि वरिष्ठांचं मत पडलं होतं की हा तोफेमुळे लोकांत आलेल्या शिस्तीचा परिणाम. तेव्हा अमरावतीलाही तशीच एक तोफ हवी होती. याहून मोठी. बाबांनी विचारलं, "फुटली ते कळवलं नाई?" साहेब फेट्याच्या काठावरून बोट फिरवत म्हणाले, "ते कळवायची गरज वाटली नाही. हे पाहा, काम चांगलं आहे, मजुरी रोख मिळेल, आणि झाल्या प्रकाराबद्दल मी कुठे काही लिहिणार नाही. फक्त या वेळी घरात कुणाला कळता कामा नये. शब्द द्या."

मायचे डोळे बाबांवर खिळले होते. त्या डोळ्यांत काय होतं ते मी वाचू शकत होते: बारा दिवस छपराखाली वाकस चालला नव्हता, आणि हवालदार अजून दारात उभा होता. खांबाला वाकस टेकवलेला होता. बाबांनी हातातलं गाठोडं बाजूला ठेवलं. वाकसाकडे पाहिलं, पण हात नाही नेला. त्यांनी मान वळवली आणि अकरा दिवसांनी पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय म्हनतं वं वच्छे?" ते म्हणाले. "करू का?"

मायकडे बघायचं धाडस झालं नाही. शेवटी म्हटलं, "नोका करू, बाबा. अमरावतीलेबी लेकरं हायत."

बाबा साहेबांकडे वळले.

"ऐकलं ना साहेब," ते म्हणाले. "नाई म्हनते थे."